पिठावरचे पाऊल

पीठ गव्हाचे होते. गिरणीतून नुकतेच आणलेले, पिशवीच्या कापडातूनही हाताला ऊब लागावी इतके ताजे. मंगरूळपीरच्या बसस्थानकासमोरच्या चौकात, डांबराच्या कडेला, मी ते माझ्या हातांनी पसरले. दिवसभर तापलेल्या जमिनीला लागताच त्याला पोळी करपण्याआधीचा वास सुटला. तो वास मला अजून अधूनमधून येतो, घरात पोळी नसतानाही.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तोफा सुरू झाल्या होत्या. गावातल्या सलूनमध्ये, रसवंतीत, चपलांच्या दुकानात टीव्ही अखंड ओरडत होते. आम्ही सात बायका दर गुरुवारी संध्याकाळी तासभर चौकात गप्प उभ्या राहत होतो. हातात ‘युद्ध नको’ असे लिहिलेले पुठ्ठे. गुरुवारी दर्ग्याला येणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, म्हणून तो वार निवडला होता. लोक वाचत, आणि पुढे जात.

सगळेच पुढे जात नसत. पानठेल्यावरून आवाज येई, “काहून वं बायांनो, घरी सैपाक नाई का?” एकदा एक जण जवळ येऊन म्हणाला, “इथं कायले उभ्या? तिकडे सीमेवर जाऊन सांगा ना.”

आमच्यात किराणा दुकान चालवणाऱ्या एक जैन काकू होत्या. मौनाचा नियम त्यांनीच घातला होता, आणि तो मोडतही त्याच. त्या म्हणाल्या, “तू जातं का रे लढाले? डबा माह्याकडून.” तो हसला, ठेल्यावर परत गेला, आणि उरलेला सारा वेळ आमच्याकडे पाहत राहिला.

आमच्यातली सातवी म्हणजे मावशी. ती शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिच्या बोटांच्या पेरांत हळद कायमची मुरलेली, लुगड्याला धुराचा वास. तिचा एकुलता मुलगा फौजेत होता, आणि त्या दिवसांत नेमका त्याच सीमेवर. पहिल्याच गुरुवारी ती अनवाणी आली. पाय पोळत होते, ती एका पायावरून दुसऱ्यावर भार टाकत होती. मी चपलांचे विचारले, तर म्हणाली, “नवस हाय बाई. पाच गुरुवार अशीच उभी राहीन. पोट्टा सलामत घरी आला पाह्यजे.”

मी तिला समजावू शकले असते, की हे देवासाठी नाही, सरकारला आणि गावाला दिसावे म्हणून आहे. समजावले नाही. उभे राहणारे माणूस एक वाढले होते, आणि तेवढ्याने माझे भागले.

पाचव्या गुरुवारसाठी मला काही वेगळे हवे होते. आमच्याकडे माणूस गेला की जिथे त्याचा प्राण गेला त्या जागी पीठ पसरतात, त्यावर दिवा लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पिठावर कशाचे पाऊल उमटले ते पाहतात. गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला, हे त्यावरून ओळखायचे. माझ्या आईच्या वेळी मी ते पाहिले होते. मला वाटले, दोन्ही बाजूंच्या मेलेल्यांसाठी असा दिवा कोणी लावत नाही, त्यांच्या वाट्याला घराचा कोपरासुद्धा येत नाही. तो दिवा आपण चौकात लावू. आयुष्यभर कविता शिकले आणि शिकवली. प्रतिमा सुचली की ती योग्यच असणार, असे मानण्याची सवय मला जडली होती.

काकूंच्या समाजात ही रीत नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पीठ कायले? रांगोळी घ्या ना.” दुसरी एक जण हळूच म्हणाली, “बाई, हे बरं नाई दिसत.” मी बोलले, चांगले बोलले, आणि त्या गप्प झाल्या.

मग मी पिठावर पणती ठेवली आणि काड्यापेटी मावशीच्या हातात दिली. सैनिकाच्या आईने लावलेला दिवा; याहून समर्थ दृश्य मला सुचले नव्हते. ती पिठाकडे पाहत राहिली.

“कोनाच्या नावानं?” तिने विचारले.

“सगळ्यांच्या,” मी म्हणाले.

दोन काड्या वाऱ्याने विझल्या. तिसरीच्या वेळी मी माझ्या दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. वात पेटली. तिच्या नवसाचा तो शेवटचा गुरुवार होता.

सकाळी ते आवरायला मी लवकर गेले, तर ती तिथे होती. पहिली एसटीही अजून लागली नव्हती. पिठाशेजारी उकिडवी बसून, हातात तुराटी घेऊन, ती कुत्री हाकलत होती. पणती विझलेली. पिठावर रस्त्याची राखाडी धूळ बसलेली, आणि एका कडेला तीन बारीक ठसे. तीन बोटे पुढे, एक मागे.

“पाखराचं हाय,” ती म्हणाली.

“चिमणी आली असेल, मावशी. पीठ दिसलं, खायला आली.”

“माह्या सासूच्या वक्तीही चिमनीच आली होती.” मग तिने वर पाहिले. “बाई, तुमी सगळ्यांच्या नावानं म्हतलं. सगळ्यांत माहा पोट्टा येते का?”

मी “नाही” म्हणाले. पण त्याआधी क्षणभर थांबले, आणि ते थांबणे तिने ऐकले. तिने मग खडे, धूळ, करपलेली वात यांसकट सगळे पीठ पदरात गोळा केले आणि निघून गेली. जमिनीवर पांढुरका डाग उरला.

तिच्या मुलाचा फोन दर रविवारी येई. त्या रविवारी आला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची चूल बंद, त्यामुळे ती दिवसभर घरीच. मी आणि काकू गेलो, तेव्हा फोन कोनाड्यात चार्जिंगला लावलेला होता आणि ती भिंतीला टेकून त्याच्यासमोर बसली होती. तिने आम्हाला पाणी दिले. माठातले पाणी थंड होते, त्याला मातीचा वास होता.

“तिकडे नेटवर्क नसते,” काकू म्हणाल्या.

“गेल्या ऐतवारी होतं,” ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारी आम्ही चौकात गेलो नाही. तसे कोणी ठरवले नव्हते. पानठेल्यावरचे लोक मात्र काकूंच्या दुकानात येऊन विचारून गेले म्हणे, थांबलं का युद्ध?

पुढचा रविवारही तसाच गेला. फोन आला तो दिवा लावल्यापासून बाराव्या दिवशी. तो बारावा होता, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. काकूंनी मला कळवले, आणि मी जवळजवळ धावत गेले. मावशी सुपात तुरीची डाळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

“बोलला. बरा हाय, जेवलो म्हने.”

मी तिच्याजवळ बसले. मला रडू येत होते आणि तिला येत नव्हते. सुपातला एक खडा तिने बाजूला ठेवला, मग दुसरा.

“त्या दिवशी पिठापाशी मी देवाले म्हतलं,” ती म्हणाली, “पाऊल पडलंच हाय तर पडू दे, पन माह्या पोट्ट्याचं नको. दुसऱ्या कोनाचंही चालंल. असंच म्हतलं मी.” आणखी एक खडा काढून म्हणाली, “काल टीव्हीवर एक पेटी दाखोली, झेंडा टाकलेली. त्याची माय माह्यासारखीच. लुगडंही असंच.”

“मावशी, तुमच्या म्हणण्यानं तसं होत नाही.”

“तुमाले काय, तुमाले बोलता येते.”

हे ती रागाने म्हणाली नाही. उठून तिने कोनाड्यातून एक कापडी गाठोडे काढले. पदरातले पीठ तिने जुन्या चोळीच्या कापडात बांधून ठेवले होते. ते तिने माझ्या मांडीवर ठेवले.

“तुमी मांडलं, तुमीच शिरवा. वाहत्या पान्यात, बरं का. आन मले आता गुरुवारी बोलावू नका. टीव्हीतल्या त्या मायसमोर मी कोन्या तोंडानं उभी राहू?”

मी अडाण नदीच्या पुलावर जाऊन पाहिले. खाली वाळू, फाटक्या पिशव्या, टँकरच्या चाकांच्या खुणा. वाहते काहीच नव्हते.

सीमेवरच्या तोफा थांबल्या आहेत, असे टीव्ही सांगतो; आता तो दुसऱ्या देशांतल्या तोफा दाखवतो. आम्ही पुन्हा उभ्या राहतो, चौघीच. पुठ्ठे तेच, दिवा नाही. शाळा उघडली आहे. मी त्या बाजूने जाते तेव्हा फोडणीचा वास येतो, पंक्तीत वाढणारा तिचा हात दिसतो, आणि ती बाहेर पाहत नाही. पावसाने ओढ दिली आहे, नदी तशीच कोरडी आहे.

गाठोडे माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. पिठाला आता आंबूस वास येतो. कान लावला तर आत बारीक सळसळ ऐकू येते; किडे झाले असावेत. गाठ तिने बांधलेली आहे, घट्ट, दोनदा. मी ती सोडलेली नाही.