साइडकारमधली आई

अमेरिकेत, रेडमंडमध्ये, शेजाऱ्यांच्या विजेवरच्या गाड्या चूं न करता गराजमध्ये शिरतात. त्या सभ्य मंडळींत मी आणली साइडकारवाली सोव्हिएत मोटरसायकल. जर्मनांनी युद्धाआधी एक देखणी गाडी काढली. रशियनांनी ती खोलून, मापं घेऊन तश्शीच बनवली आणि मग मॉडेल बदलायची तसदी कुणी घेतली नाही. कॉपी करून पास झालेल्या पोराच्या मार्कांवर मी भुललो. बायकोने गाडीकडे एकदाच बघितलं, माझ्याकडे मात्र बराच वेळ.

त्याच सुमारास आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. महिना व्हायच्या आत तिने तिकीट अलीकडचं करून दे म्हणून टुमणं लावलं. तिची काय चूक? सांगलीत ती दूध आणायला गेली तरी तासभर बोलून परतायची. इथे खिडकीतून दिसायचा पाऊस आणि कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ, तोही कानात काहीतरी खुपसलेला. आम्ही दोघं मीटिंगमध्ये, नातू ‘आय ॲम गुड, आजी’ म्हणून दार लावून घेणार. बाबा गेल्यावर तिकडे ती एकटी पडेल म्हणून मी तिला आणलं आणि इथे आणखी एकटी केलं. हे कळत होतं, म्हणून चिडचिड व्हायची.

एका शनिवारी देवळात जायला तिला साइडकारमध्ये बसवलं. साडी, स्वेटर, वर हेल्मेट. अर्ध्या वाटेत त्या महान यंत्राने मान टाकली. मी पाना घेऊन शिव्या घालत बसलो. तेवढ्यात एक म्हातारे गोरे गृहस्थ थांबले आणि कुणी न विचारता त्यांनी मूळ जर्मन गाडीचा इतिहास ऐकवला. मग एक रशियन बाई थांबल्या. त्यांच्या वडिलांकडे हीच गाडी होती म्हणे, आणि तीही अशीच बंद पडायची. आईने नैवेद्याचा शिरा काढला. देवाआधी तो त्यांच्याच पोटात गेला. बाईंचं इंग्रजी बेताचं, आईचं त्याहून बेताचं. तरी दोघींनी गुडघेदुखीवर मनसोक्त गप्पा मारल्या.

त्यानंतर दर शनिवारी गाडी इमानेइतबारे बंद पडली आणि आईने तिकिटाचा विषय काढला नाही. मला अक्कल असती तर तिथेच गप्प बसलो असतो. पण इंजिनिअर ना मी! व्हिडिओ बघबघून कार्बोरेटर, वायरिंग, सगळं ठाकठीक केलं. पुढच्या शनिवारी गाडी देवळापर्यंत गेली आणि गुमान परत आली. लोकांनी लांबून हात केले, थांबलं कुणी नाही.

घरी आल्यावर हेल्मेट काढत आई म्हणाली, “तिकिटाचं बघ रे. लवकरचं मिळतंय का?”

मी बघतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्ताने तिला पुन्हा बसवलं. तळ्याकाठच्या रस्त्याला लागल्यावर हळूच हात खाली नेऊन पेट्रोलचा कॉक बंद केला. थोडं पुढे जाऊन गाडी आचके देत थांबली. मी उतरलो, कपाळाला आठ्या घातल्या, नक्कल करणाऱ्या लेकाच्यांचा उद्धार करत इंजिनापाशी उकिडवा बसलो.

आईने साइडकारमधून वाकून बघितलं.

“कॉक बंद आहे रे,” ती म्हणाली. “बाबांच्या स्कूटरचाही असाच होता.”

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मी कॉक उघडायला हात पुढे केला.

“राहू दे तसाच,” आई म्हणाली, आणि पदर सारखा करून येणाऱ्या गाड्यांकडे बघायला लागली.