पक्क्या लायसन्सची वाट

बाइंडरबाईला साधी सायकल येत नव्हती. छापखान्यात पुस्तकं शिवायला, पाठीला सरस लावायला तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हँडल हातात घ्यायचं म्हटलं की ती दोन पावलं मागे सरायची. लग्नापासून ती नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसूनच हिंडली. नवरा वायरमन. विजेच्या खांबावर सरसर चढायचा, आणि खाली उतरला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा.

एका सकाळी दाढी करता करता त्याची डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, काठी टेकत चार पावलं टाकू लागला, पण मोटरसायकल भिंतीशी उभी राहिली ती राहिलीच. त्याचा पट्टाही बंद पडला. दिवसभर खिडकीशी बसून राहायचा.

त्याला ओढ होती एकाच माणसाची. पुलापलीकडच्या गावात त्याची थोरली बहीण राहायची. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. पूर्वी दर रविवारी दोघं तिच्याकडे जायची. आता बसची पायरी त्याला चढवत नव्हती.

"गाडी भाड्याने करू या की," बायको म्हणाली.

फोनवर अक्का उसळली. "भाड्याच्या गाडीतून पाहुण्यासारखा येतोस होय रे? बायकोलाच शिकव की तुझी फटफटी! मी दारात उभी राहून बघते." आणि हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली.

अक्काने गंमत केली होती. बाइंडरबाईने ती मनावर घेतली.

"मी शिकले तर?"

"तू?" म्हणत तो खो खो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच. तिथेच तिचं ठरलं.

लायसन्सच्या कचेरीत खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "आधी कच्चं. मग महिनाभर थांबायचं. मग परीक्षा. पास झालात तर पक्कं कार्ड पोस्टाने घरी."

"पोस्टाने कधी?"

"येईल तेव्हा येईल, बाई. आणि तोवर मागे कुणाला बसवायचं नाही."

छापखान्यामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. वायरमन उपड्या खोक्यावर बसून अडखळत्या जिभेने ओरडायचा, "क्लच हळू सोड! सरस फिरवतेस ना, तसा!" तिचे गुडघे सोलून निघाले, पण नवरा पुन्हा बोलता झाला, यात तिला सगळं भरून पावलं. अक्काचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "झाली का गं पास?"

परीक्षेच्या दिवशी जमिनीवर रंगवलेल्या आठच्या आकड्यात शेवटच्या वळणाला तिचा पाय टेकला. "पुन्हा या," साहेब म्हणाले. पुन्हा म्हणजे आणखी काही आठवडे.

"अहो, आता गाडी करून जाऊन येऊ," ती त्या रात्री म्हणाली. "अक्कांचा खोकला मला बरा वाटत नाही. नाहीतर आपल्याच गाडीवर जाऊ, कोण बघतंय?"

"आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांना जन्मभर शिव्या घातल्या मी. आता स्वतःच तसं वागू? एवढं थांबलो, अजून थोडं. ती दारात उभी राहणार आहे."

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. दोघांनी मिळून अक्काला फोन लावला. "कार्ड हातात पडलं की निघालोच!"

"लवकर या रे," एवढंच अक्का म्हणाली. गंमत नाही, टोमणा नाही. दोघांनाही ते खटकलं. पण कार्ड आजउद्या येईलच, असं दोघांनी धरलं.

पोस्टमनची वाट बघण्यात दिवस चालले. कार्डाआधी भाच्याचा फोन आला.

"मामा, आई गेली."

तेव्हा मात्र भाड्याचीच गाडी करून दोघं निघाली. ज्या वाटेसाठी इतके महिने घालवले, ती धड डोळा लागायच्या आत संपली. भाचा मामाच्या गळ्यात पडून म्हणाला, "रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून बसायची. डॉक्टरांनी उठायला बंदी केली होती. तुम्हाला कळवू देईना. म्हणायची, तो घाबरून धावत येईल आणि बायकोची परीक्षा राहून जाईल."

वायरमनने ते ऐकलं आणि चांगल्या हाताने भिंत धरली.

पुढच्या आठवड्यात पक्कं लायसन्स आलं. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं, "फोटो बरा आलाय," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाइंडरबाई छापखान्यात पायीच जाऊ लागली. गाडीकडे तिला बघवत नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी तो आपणहून शर्ट घालून दारात उभा राहिला.

"चल."

"कुठे?"

"कुठेही. फक्त पुलाकडे नको."

तिने त्याचा डावा पाय उचलून फुटरेस्टवर ठेवला आणि पुढे बसली. गाव मागे पडल्यावर त्याचं कपाळ तिच्या पाठीला टेकलं. मग ती पाठ भिजायला लागली. अक्काच्या दारातही न रडलेला माणूस हुंदके देऊन रडत होता, आणि त्या हुंदक्यांनी हँडल हलू नये म्हणून ती दोन्ही हात घट्ट रोवून बसली होती. समोरचा रस्ता तिलाही धूसर दिसत होता. थांबली असती, तर त्याला आपलं रडकं तोंड तिला दाखवावं लागलं असतं. म्हणून ती हळूहळू चालवतच राहिली.