एकच पाय दोनदा

डॉक्टर मॅडम नाशिक सोडून पुण्याला गेल्या, तेव्हापासून माझी शुगरची तपासणी मोबाईलवर होते. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी. बायको फोन धरून उभी राहते आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो. आकडे वाचून दाखवायचे, गोळ्यांची पाकिटं दाखवायची आणि शेवटी दोन्ही तळपाय. या तळपायांचाच मला राग यायचा. छप्पन वर्षांचा माणूस मी, अंबडच्या कारखान्यात निम्मं आयुष्य लेथ चालवण्यात गेलं, आणि आता पाय वर करून एका बाईला दाखवायचे! लाज वाटते हो.

पण त्या रविवारी लाज नव्हती, भीती होती. त्याच्या आठ दिवस आधी पहिली शिफ्ट करून घरी आलो, सेफ्टी शूज काढले, तर डावा मोजा रक्तानं तळव्याला चिकटलेला. लेथवर निघणारा पोलादाचा कीस बुटात गेला होता. नखाएवढा तुकडा, पण धारदार. आठ तास मी त्याच्यावर उभा होतो आणि मला पत्ताच नाही! बायको बाहेर गेली होती. मी मोजा कचऱ्याच्या डब्यात खाली दाबून टाकला, जखमेत हळद भरली आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो? माझ्या थोरल्या भावाला हीच शुगर. त्याचंही अशाच साध्या जखमेपासून सुरू झालं होतं. आधी अंगठा काढू म्हणाले, मग पाऊल, मग गुडघ्याखालून पाय गेला. आता तो नांदगावला दारात खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत बसतो. मी मनाशी हिशेब केला की डॉक्टरांनी बघितलं तर कापतील, बघितलंच नाही तर कशाला कापतील? झाकली मूठ सव्वा लाखाची. आज हे लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चार दिवसांनी जखमेला वास यायला लागला. मी घरातही मोजे घालून फिरू लागलो. "अहो, एवढी कसली थंडी वाजते?" बायकोनं विचारलं, तर तिच्यावरच खेकसलो.

रविवारी मॅडम म्हणाल्या, "काका, पाय दाखवा." मी उजवा दाखवला. "आता दुसरा." मी खुर्ची जरा फिरवली, मोजा काढायचं नाटक केलं आणि पुन्हा उजवाच वर केला. काळीज इतकं धडधडत होतं की पुण्यापर्यंत ऐकू जाईल असं वाटलं. "छान! दोन्ही पाय छान आहेत," मॅडम म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

बायको जागची हलली नाही. ती तर फोन धरून समोरच उभी होती, तिनं सगळं बघितलं होतं.

"मॅडमसमोर तुमची शोभा नको म्हणून गप्प बसले," ती म्हणाली. "काढा तो मोजा."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?" मी ओरडलो. ती खाली बसली आणि तिनंच मोजा ओढला. "अगं बाई गं," एवढंच बोलली.

तिनं लगेच पुन्हा फोन लावला. मॅडमनी फोन जखमेजवळ न्यायला सांगितला. मग अजून जवळ. त्यांनी विचारलं, "दुखतंय का?"

मला हायसं वाटलं. निदान एक तरी चांगली गोष्ट सांगता येणार होती. "छे हो मॅडम, अजिबात नाही!"

त्यांचा चेहरा पडला. "काका, दुखायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता जवळच्या दवाखान्यात जा. त्या पायावर भार देऊ नका."

रिक्षात बायकोनं माझा पाय मांडीवर घेतला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. "तळव्याला ठिकठिकाणी टोचतोय. कळलं की हो म्हणा."

मी श्वास रोखून वाट बघत राहिलो. दुख रे बाबा, एकदा तरी दुख.

"आता?" डॉक्टरांनी विचारलं. "आणि इथे?"

हो म्हटलं तर पाय वाचेल, असं त्या क्षणी मला खरंच वाटलं. हो अगदी ओठांवर आलं होतं. बायकोचा हात माझ्या खांद्यावर होता.

"नाही साहेब," मी म्हणालो. "काहीच कळत नाही. कधीपासून, तेही माहीत नाही."