लग्नापुरता चेहरा

मंगळवारी सकाळी वहिनीचा फोन आला. दादा गेला होता. मी नोकरीच्या ठिकाणी, ग्रंथालयात कळवलं आणि बीडहून शिरूर कासारची बस धरली.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, जन्मभर मेंढरांमागे चाललेला. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा शहरातल्या डॉक्टरांनी त्याला रोजची एक गोळी लिहून दिली. खोकला उतरला, दादा परत रानात जाऊ लागला. पण त्या गोळीने तोंडभर फोड आले, नखांचे कोपरे चिघळले, पोट केव्हा बिघडेल याचा नेम राहिला नाही. पारावर चेष्टा व्हायची. "म्हातारपणी तारुण्याचे फोड आले की बे! सोयरीक बघावी का?" एखादा सोबती विचारी. "बघ की," दादा म्हणे, "पन आधी तुज्या वहिनीला इचारून ये." सगळे हसत, तोही हसे... आणि घरी येताना उपरण्याने तोंड झाकून घेई. एकदा मेंढरांच्या खरजेवर लावतात ते करंजाचं तेल त्याने गालांना चोळलं. चेहरा भाजल्यासारखा झाला. मी रागावले, तर म्हणाला, "मेंढराला चालतं, मला कावून चालत न्हाई?"

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. सगळ्या मांडवाची नजर तिकडेच असते. "दुसरं कुनी उभं करा, सुमे," तो म्हणाला. मी म्हणाले, मामा तूच, आहेस तसा ये. लग्नाला तो आला तो नितळ चेहऱ्याने. बायका म्हणाल्या, मामा लई बरे दिसतात. मला किती हलकं वाटलं... ते हलकं वाटणं आठवलं की आजही मान खाली जाते. आहेस तसा ये म्हणणारी मीच, पण तो मांडवात शिरला तेव्हा मी आधी त्याचा चेहराच पाहिला होता.

पाठवणीनंतर त्यानेच सांगितलं. "गोळ्यांचा उपास धरलता, साखरपुड्यापासून."

मी त्याला लगोलग डॉक्टरांकडे नेलं. ते चिडले नाहीत. फोडांना मलम आहे, गोळीची मात्राही कमी करता येते, आधी का नाही सांगितलं, एवढंच म्हणाले. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "तितं लोक जीव मागाया येतेत. मी काय रूप मागू का?"

गोळी परत सुरू झाली. मलमाने फोड कमी झाले, गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात खोकला परतला. मधल्या त्या खंडाने काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना अजून विचारलेलं नाही.

दहाव्याला फोटो हवा होता. आजारपणातल्या फोटोंत एक तर त्याने तोंड फिरवलेलं, नाहीतर आम्ही त्याला फोटोत घेतलंच नव्हतं. शेवटी लग्नातला मोठा करून घेतला. वहिनीच्या घरात तो भिंतीवर आहे. गोळ्या घेणाऱ्या दादाचा एकही फोटो आमच्याकडे नाही.