पाय टेकतात का?

माझी पहिली स्कूटर घेतली तेव्हा दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारला होता. पाय टेकतात का? इंजिन, मायलेज, सर्व्हिसिंग वगैरे तो वडिलांशी बोलला. मला फक्त सीटवर बसवलं आणि माझ्या चपलांकडे बघितलं. टेकत होते. घेतली. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि त्यानंतर मी जमिनीवर फारशी नसतेच. स्वयंपाकाला आणि झोपायला तेवढी उतरते.

लग्न झाल्यापासून मागच्या सीटची मालकी सासूबाईंकडे. नवऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर मी त्यांच्यासोबत काढलेत. दर रविवारी सकाळी कर्वेनगरहून मंडई, म्हणजे मंडईच. आमच्या दाराशी भाजीवाला येतो, पण त्याच्या भाजीला सासूबाई भाजी मानत नाहीत. स्कूटरवर त्या एक शब्द बोलायच्या नाहीत. माझ्या डाव्या खांद्यावर त्यांचा हात असायचा. एकदा दाबला की हळू. दोनदा दाबला की थांब, मटार चांगला दिसतोय.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्कूटर कायमची बंद केली. नवऱ्याकडे त्याची गाडी आहे, पण रविवारी तो नऊच्या आत उठत नाही. रिक्षा दोनदा करून पाहिली. दुसऱ्यांदा परत आल्यावर त्या म्हणाल्या, की हाडं मोजून घेतली, सगळी आहेत, पण पुढच्या वेळची खात्री नाही. मग मोबाइलवरून भाजी मागवायला लागलो. पिशवीतून निघालेली कोथिंबीर हातात धरून त्यांनी विचारलं, ही कोथिंबीर आहे की तिचा फोटो? तोपर्यंत ठीक होतं. टोमणे चालू आहेत म्हणजे तब्येत उत्तम, असा आमच्या घरचा हिशेब आहे. पण एका रविवारी त्यांनी मंडईचं नावच काढलं नाही. पिशवीतली कोथिंबीर निमूटपणे निवडली. मी घाबरले, आणि घाबरले की मी मोठ्याने बोलते. भर स्वयंपाकघरात जाहीर केलं, की मी गाडी शिकणार आणि आईंना मंडईत नेणार.

सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "ऑपरेशन एकाच गुडघ्याचं झालंय," त्या म्हणाल्या. "बाकीचे अवयव अजून चांगले आहेत."

ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्याच दिवशी एक कुत्रं आडवं आलं आणि मी ब्रेक दाबला. म्हणजे स्टिअरिंग दाबलं. दोन्ही हातांनी, जीव खाऊन. आयुष्यभर माझे ब्रेक हातात होते, ते ऐनवेळी पायात कसे जाणार? शिकवणाऱ्या सरांनी त्यांच्या बाजूच्या ब्रेकने गाडी थांबवली आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, ते लिंबू नाहीये."

हातांचं एक झालं, पायांचं वेगळंच. गाडी थांबायला आली की माझे दोन्ही पाय आपोआप जमीन शोधायला निघायचे. डावा क्लचवर जाऊन आदळायचा, उजवा जे सापडेल त्यावर, आणि त्याला नेहमी ॲक्सिलरेटरच सापडायचा. सरांनी धीर दिला. म्हणाले, पुण्यातल्या सगळ्या स्कूटरवाल्या बायकांचं असं होतं. पुरुषांचंही होतं, ते सांगत नाहीत.

आता प्रश्न होता कोणती गाडी घ्यायची. नवऱ्याचं मत तयार होतं. शिकाऊ माणसाच्या हातून गाडी ठोकली जाणारच, तर मग जुनीच घ्यावी. त्याच्या ऑफिसातल्या एकाची विकायची होती. बंपर तारेने बांधलेला, एअरबॅग एकही नाही, पण पत्रा जाड.

सासूबाई पेपर वाचत होत्या. तो न हलवता म्हणाल्या, "म्हणजे ज्याला गाडी येते त्याने एअरबॅगमध्ये बसायचं, आणि जिला येत नाही तिने पत्र्यात. बरोबर ना? आणि तिच्या शेजारी मी."

नवरा "आई, तसं नाही" एवढं म्हणाला आणि थांबला, कारण तसंच होतं. दुसऱ्या दिवशी तो नवी कोरी वही घेऊन आला. गाडी लहान हवी, कारण आमच्या पार्किंगमध्ये एका बाजूला खांब आहे आणि दुसऱ्या बाजूला खांबापेक्षाही न हलणारे शेजारी. धडक चाचणीत चांगले तारे मिळालेली हवी. सहा एअरबॅग हव्यात. मागे कॅमेरा हवा. पार्किंगच्या चढावर थांबली तर मागे घरंगळणारी नको. मी भर घातली, की बसल्यावर बॉनेटचं टोक दिसायला हवं. मला माझ्या हद्दी माहीत असलेल्या आवडतात. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला लिहून द्यायचं नाही, बसून बघायचंय.

म्हणून तिघं शोरूमला गेलो. तिथला सेल्समन अतिशय गोड होता. आधी छतातून आकाश कसं दिसतं ते त्याने दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, आकाश गच्चीतून दिसतं, आणि थेट पहिल्या गाडीचं दार उघडून बसल्या. ती उंच, रुबाबदार गाडी. त्यांचे पाय झोपाळ्यावरच्या पोरीसारखे लोंबायला लागले. शिडी सोबत मिळते का, असं त्यांनी विचारलं. दुसरी गाडी बुटकी होती. त्यात त्या बसल्या त्या बसतच गेल्या, आणि मला नि नवऱ्याला एकेक हात धरून त्यांना वर काढावं लागलं. "पाटावर बसल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या, "आणि पाटावर बसणं डॉक्टरांनी बंद केलंय."

तिसरी गाडी लहानशी, पण अंगाने जरा उभी. सासूबाई बसल्या. आडव्या वळल्या. दोन्ही पाय फरशीवर ठेवले आणि कोणाचाही हात न धरता उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तीनदा.

"टेकतात," त्या म्हणाल्या.

"काय टेकतात, आजी?" सेल्समनने विचारलं.

"पाय. पूर्वी गाडी विकताना विचारायचे."

नवऱ्याने वही उघडून ताडून पाहिलं. तारे, एअरबॅग, कॅमेरा, सगळं जमत होतं. राहिले होते माझे पाय. शिकाऊ परवान्यावर मला रस्त्यावर गाडी मिळणार नव्हती, पण शोरूमच्या मागच्या आवारात एक फेरी मारू दिली. सेल्समन शेजारी. अर्धी फेरी मी राणीसारखी मारली. मग गाड्या धुणाऱ्यांची बादली दिसली. मी स्टिअरिंग पिळलं, दोन्ही पाय जमीन शोधायला गेले, इंजिनाने हंबरडा फोडला आणि सेल्समनने हँडब्रेक ओढला. बादलीपासून आम्ही वीतभर अंतरावर थांबलो. तोवर मी "मॅडम" होते. "काकू," तो म्हणाला, "आपण ऑटोमॅटिक बघू या का?"

तीच गाडी, क्लच नसलेली. बसले. उजव्या पायाला दोनच पेडल. डाव्या पायापुढे काहीच नाही, नुसती एक तिरपी पट्टी.

"आणि या पायाने काय करायचं?"

"काही नाही काकू. तो टेकून ठेवायचा."

मी त्या माणसाकडे इतक्या प्रेमाने बघितलं, की नवरा खोकला. मग सेल्समनने स्वतःच ती बादली मधोमध ठेवली आणि मला तिच्याकडे दहा वेळा जायला लावलं. दहाही वेळा डावा पाय सुखाने टेकून राहिला आणि उजवा, दुसरं काही सुचत नसल्यामुळे, ब्रेकवर गेला. हात अजून लिंबं पिळत होते. पिळू देत, त्याने काही बिघडत नाही.

नवऱ्याला ऑटोमॅटिक म्हणजे अर्धवट शिकणं वाटत होतं. गिअर टाकता आलेच पाहिजेत, असं तो म्हणाला. प्लास्टिकच्या खुर्चीवरून सगळा तमाशा बघत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तू गिअर टाकत भाजीला जातोस आणि जून दोडके आणतोस."

तीच गाडी घेतली. पुढे मी परीक्षा पास झाले, तरी मागच्या काचेवरचा लाल एल सासूबाईंनी काढू दिला नाही. लोक लांब राहतात, म्हणाल्या.

मग तो रविवार. सकाळी सात वाजता त्या पिशव्या मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांनी पट्टा दोनदा ओढून बघितला. म्हात्रे पूल आला. पुलावर त्यांचा उजवा हात सरकत माझ्या डाव्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. टिळक रस्त्यावर एक रिक्षा गल्लीतून बाणासारखी निघाली. खांदा एकदा दाबला गेला. मी स्टिअरिंगही पिळलं आणि ब्रेकही दाबला. गाडी शहाण्यासारखी थांबली. रिक्षावाल्याने आमच्याकडे बघितलं, दोघींचे चेहरे नीट वाचले आणि हात जोडून आम्हाला पुढे जायला सांगितलं. "सुशिक्षित दिसतो," सासूबाई म्हणाल्या.

मंडईजवळ गाडी लावली. मी उतरून पलीकडे धावले, हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. आडव्या वळल्या, एक पाय खाली, मग दुसरा, आणि उभ्या राहिल्या.

"टेकले," त्या म्हणाल्या. मी काही बोलणार एवढ्यात पिशव्या माझ्या हातात कोंबल्या. "चल, रडू नंतर. मटार संपेल."