शंभर पावलांपुढची वाट

फोन आला तेव्हा मी वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी डोळे मिटून बसले होते. "ताई, आई सकाळी उठलीच नाय…" आत्याचा मुलगा किसन एवढंच बोलू शकला. काचेबाहेर धुकं होतं. कितीतरी वेळ मला वाटत राहिलं, की त्या धुक्यातून आत्या आमच्या बसच्या बाजूनं चालतेय, खांद्यावर घोंगडी, पुढं मेंढरं. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

गिरजाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. अजिंठ्याजवळच्या एका खेड्यात तिचं घर, पण ती घरात कमी आणि मेंढरांमागं जास्त असायची. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर डोंगरउतारावर फिरायचे. चालताना ती फारसं बोलत नसे. डोळे अर्धे मिटलेले, पाय आपले आपण वाट ओळखणारे… ती चालतेय की झोपेत आहे, कळायचं नाही. साठीनंतर तेच पाय फितूर झाले. शंभर पावलं झाली की दोन्ही पिंढऱ्या जड, मुंग्या, कमरेतून कळ. वाकून बसलं की जरा वेळानं पाय परत तिचे. कुणी वात म्हणालं, कुणी वय झालं म्हणालं. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, कमरेत इंजेक्शनही झालं. शंभराची पन्नास पावलं झाली तेव्हा मी तिला शहरात मोठ्या डॉक्टरांकडं नेलं.

दवाखान्यात तिला चाकाची खुर्ची दिली. ती बसेचना. खुर्चीच्या मुठी धरून, पुढं वाकून, रिकामी खुर्ची ढकलत ती तो लांबच लांब व्हरांडा न थांबता चालत गेली. डॉक्टर दारातून बघत होते.

"मावशी, खुर्चीत बसायचं असतं."

"हिला धरून वाकलं की पाय चालतेत. ताठ झालं की नाय."

डॉक्टर म्हणाले, "निम्मं निदान तुम्हीच केलंत." मग त्यांनी एमआरआयचा फोटो उजेडावर धरला. कमरेच्या मणक्यांमधून नसा जातात ती पोकळी अरुंद झाली होती. वाकलं की ती थोडी उघडायची, म्हणून आराम.

"वाडग्याचं दार बारीक झालं की मेंढरं दाटतेत, तसं व्हय?"

"अगदी तसंच."

दार मोठं करायचे रस्ते त्यांनी समजावले. नसांवर दाबणारं हाड आणि जाड झालेला पडदा तेवढा काढायचा, हा एक. मणका जागचा सरकत असेल, तर त्यासोबत स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडायचे, हा दुसरा. सोबत आलेला किसन लगेच म्हणाला, "मग स्क्रू टाकून पक्कंच करा ना साहेब." डॉक्टरांनी आत्याला पुढं-मागं वाकवून काढलेले एक्स-रे दाखवले. मणका सरकत नव्हता. मग मोठं ऑपरेशन, लांबलेली विश्रांती आणि शेजारच्या मणक्यांवर जादा भार कशासाठी घ्यायचा? पण छोट्या ऑपरेशनलाही धोका होताच. नसेला इजा होऊ शकते, जंतू शिरू शकतात, पायाची बधिरता राहूही शकते.

"नाय केलं तर मरंन का मी?" आत्यानं विचारलं.

"नाही. पण चालणं कमी कमी होत जाईल."

"मंग करा. बसून जगायचं कायला?"

ऑपरेशनसाठी आत नेण्याआधी मात्र तिनं माझा हात घट्ट धरला. "पाय गेले तर मला गावाकडं नेऊ नको, माय. मेंढरांनी मला तसं बघू नये."

दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. त्याच व्हरांड्यात, माझा हात धरून, ती निघाली. मी मनात पावलं मोजत होते. साठ… नव्वद… एकशेदहा… माझे ओठ हलत असावेत. "मोजू नको," ती म्हणाली, "चाल." व्हरांड्याच्या टोकाला पोचून तिनं भिंतीला हात लावला आणि पदरानं डोळे पुसले. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

डाव्या पायाच्या अंगठ्याची बधिरता तेवढी शेवटपर्यंत राहिली. चप्पल निसटली तरी तिला कळायची नाही. एका पायात चप्पल घालून घरी यायची आणि स्वतःच हसायची. पण त्यानंतरची चार वर्षं ती चालली.

दहाव्यानंतर मी किसनबरोबर मेंढरांमागं गेले. ऊन कोवळं होतं, गवतावर दव. एका सपाट दगडापाशी सगळा कळप आपोआप थांबला. कुणी हाक दिली नव्हती.

"पाय दुखायचे तेव्हा आई इथं टेकायची," किसन म्हणाला. "बरी झाल्यावरबी बसायचीच. म्हटलं, आता कायला? तर म्हणायची, मला नाय रं, यांना सवय लागली."

मेंढरं खाली माना घालून चरत होती. किसन त्यांना हाकलेना. मी त्या दगडावर बसले. दगड दवानं ओला होता. मग पुढची मेंढी आपली आपण निघाली, आणि तिच्यामागं सगळी.