सकाळी सहाची परीक्षा

‘माझा नवरा ठणठणीत बरा झालाय’ असं मी चेअरमनना लेखी दिलं, तेही डॉक्टरांना न विचारता. आयुष्यात गाढवपणा बराच केला, पण सही ठोकून केलेला हा एकच.

आष्टी तालुक्यातल्या आमच्या सहकारी डेअरीत मी दुधाचं फॅट तपासणारी टेस्टर होते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, डेअरीचा टेम्पो चालवायचे. त्या साली दुष्काळ होता. जनावरं चारा छावणीत, म्हणून टेम्पो तिथूनच दूध उचलायचा. एक दिवस कॅन उतरवता उतरवता मालक डोकं धरून खाली बसले. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. डॉक्टर त्याला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. ऑपरेशन करून फुग्याच्या मानेला क्लिप लावली. मालक वाचले.

“मी सांगेपर्यंत टेम्पो चालवायचा नाही,” डॉक्टरांनी बजावलं.

टेम्पोवाचून मालक दारात नुसते बसून राहायचे. मला बघवेना. रोज सकाळी सहाला चहा देऊन मी पाच प्रश्न विचारायचे. आज वार कोणता? छावणीनंतर वळण कुठलं? ते पटापटा सांगायचे, मी वहीत खूण करायचे. टेस्टर असल्याचा ताठा होता ना! साय वर येते, वरवरचं दूध घेतलं की फॅट जास्त दिसतं. म्हणून कॅन तळापासून ढवळल्याशिवाय मी सॅम्पल घेत नसे. दूध घालणाऱ्या बाया वैतागायच्या.

काही महिन्यांनी चेअरमन म्हणाले, “बाई, नवा ड्रायव्हर बघावा म्हणतो.”

“कशापायी? लई ठणठणीत हायत ते!”

“मग द्या लिहून.”

दिलं.

पहिल्या दिवशी चेअरमन मालकांच्या शेजारी बसले, मी मागे कॅनांमध्ये. सकाळची खेप झकास झाली. दुपारच्या खेपेला, वीस वर्षं ज्या फाट्यावर हात आपोआप वळायचा, तिथं टेम्पो रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून पाण्याचा टँकर हॉर्न मारत आला आणि हातभर अंतरावर करकचून थांबला.

मालक स्टिअरिंग धरून बसलेले, मान मागे माझ्याकडे वळवलेली. “सुभद्रे, कुणीकडं जायचं गं?”

चेअरमननी चावी काढून घेतली.

डॉक्टरांनी माझी वही चाळली. “सगळ्या खुणा सकाळच्या. संध्याकाळी काय विचारता?”

“संध्याकाळी कशाला? तवा दमलेले असतात ते.”

“दमलेला मेंदू काय करतो, तेच बघायचंय बाई.”

मग मला छंदच लागला. उन्हातून आल्यावर विचार, पाहुणे गेल्यावर विचार, झोप काढून उठल्यावर विचार. गलका झाला की वार हरवायचा. तासभर पडले की आपोआप सापडायचा. हे असं कसं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

टेम्पो नव्या ड्रायव्हरकडे गेला. मालक माझ्याजवळ कॅन ढवळायला बसू लागले. आधी तासभर, मग पूर्ण पाळी. पुढं एका संध्याकाळी डेअरीत तोबा गर्दी होती. शेवटी मालक बाहेर कॅन लावत होते, तेवढ्यात मी उरलेली सॅम्पलं उरकून घेतली. गर्दी ओसरल्यावर पाच प्रश्न विचारले. पाचही बरोबर! मी खुशीत वही मिटली.

तेव्हा मालक म्हणाले, “आता माझा एक सवाल. शेवटच्या दोन कॅनांवर साय तशीच हाय, न ढवळताच सॅम्पल घेतलंस ना? लई दमलीस तू. जा, पड जरा. मी हाय हितं.”